नव्या गाडीला धूळ चालत नाही

आमच्या बिल्डिंगच्या आवारात ती गाडी शिरली तेव्हा मी खिडकीत बसून कुणाच्या तरी पडद्याला दुमड घालत होते. गाडी कसली, चालतं घरच ते. फाटकातून येताना दोन्ही बाजूंचे आरसे आपोआप मिटले, आत आल्यावर पुन्हा उघडले, आणि त्याचं एवढं कौतुक झालं की विचारू नका. चालवणारा लगेच उतरला नाही. त्याने आधी हॉर्न वाजवला, सगळ्या बाल्कन्या भरल्या की नाही ते मान वर करून पाहिलं आणि मग उतरला. हा वरच्या मजल्यावरच्या टेलिफोन ऑपरेटरबाईंचा एकुलता एक मुलगा. लिफ्टच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे, म्हणून मी त्याला साहेब म्हणते. त्याला वाटतं मी मानाने म्हणते. आमच्या बिल्डिंगची लिफ्ट निम्मं वर्ष बंद असते, तो भाग निराळा.

ऑपरेटरबाई कठड्याला धरून एकेक पायरी उतरत खाली आल्या. उजवा गुडघा त्यांचा पार कामातून गेलेला. पण चेहरा बघायला हवा होता! या बाईने गाडीची वाट जेवढी पाहिली तेवढी त्या साहेबाने स्वतःसुद्धा पाहिली नसेल. त्यांनी गाडीच्या अंगावरून हात फिरवला, तशी सूनबाई पुढे झाली आणि रुमालाने बोटांचा डाग पुसला. "आई, बोटं उमटतात हो," असं वर हसून म्हणाली.

"बस ना आई, पुढे बस," साहेब म्हणाला. बाई बसल्या. सीटवर प्लॅस्टिक होतं, ते कराकरा वाजलं. मी म्हटलं, "अरे, हे काढा की आता." तर म्हणे, "छे छे काकू, प्लॅस्टिक काढायचं नाही. त्याच्यावर मी तुमच्याकडून कापडी कव्हरं शिवून घेणार आहे." म्हणजे खाली चामडं, त्यावर प्लॅस्टिक आणि त्यावर माझं कापड. बिचाऱ्या चामड्याला जन्मात माणूस लागायचा नव्हता.

बाईंचं या कशाकडे लक्ष नव्हतं. त्यांनी मुलाकडे पाहून एकच विचारलं, "मग येत्या रविवारी जाऊ या ना रे धाकटीकडे?"

"आई, अगं आत्ता कुठे आलीय. जरा दम खाऊ दे."

"कुणाला?" मी विचारलं.

"गाडीला," तो म्हणाला. चेष्टेत नाही, अगदी गंभीरपणे.

आता ही धाकटी कोण, ते सांगते. ऑपरेटरबाईंची सख्खी बहीण. आईबाप लवकर गेले, तेव्हा बाईंनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी धरली आणि धाकटीला वाढवलं, शिकवलं, तिचं लग्न लावून दिलं आणि मग स्वतःचं पाहिलं. नवरा मिळाला तोही अल्पायुषी. पोर पदरात टाकून गेला. बाईंनी पुन्हा कानाला ते यंत्र लावलं आणि सगळी उमर लोकांचे फोन जोडून देण्यात घालवली. समोर भोकांचा फळा, हातात वायरी, या भोकातली काढ, त्या भोकात खुपस, आणि तोंडाने तोच गोड आवाज, "बोला, कोण हवंय आपल्याला?" पलीकडचा शिव्या घालत असला तरी आवाज बदलायचा नाही. ती सवय इतकी मुरली होती की सून तोंडाला येईल ते बोलली तरी या बाईंचा आवाज तसाच असायचा. मला राग यायचा. मी म्हणायचे, "अहो, एकदा तरी ओरडा!" तर म्हणायच्या, "टेलरबाई, ओरडून लाइन सुधारत नाही."

धाकटी राहते दूर, डोंगराच्या उतारावर. दगडाच्या खाणीपर्यंत डांबरी रस्ता आहे, पुढे सगळा कच्चा. साहेबाची आधीची छोटी गाडी त्या रस्त्यावर एकदा गेली होती. मधेच एक दगड पोटाला लागला, ऑइल चेंबर फुटला आणि खाणीच्या ट्रकला बांधून गाडी ओढत खाली आणावी लागली. तेव्हापासून साहेबाने त्या रस्त्याचं नाव टाकलं. "मोठी गाडी घेतो, मग तुला नेतो," असं तो आईला म्हणाला. बाईंनी ते मनात धरून ठेवलं. एरवी चाललं असतं. पण मधल्या काळात धाकटीचं डोकं विसरायला लागलं.

सुरुवातीला चष्मा, किल्ल्या, दुधाचं पातेलं. मग माणसं. डॉक्टर म्हणाले, हे आता असंच वाढत जाणार. तिला दुसरीकडे कुठे हलवायचीही सोय नव्हती, घराचा उंबरा ओलांडला की घाबरून रडायची. तिची मुलगी, म्हणजे बाईंची भाची, दर रविवारी फोन लावून द्यायची. "मावशी, लवकर ये गं," असं ती सांगायची. "अजून तुझं नाव घेते. सकाळी चांगली असते, सगळं कळतं. दुपारचं जेवण झालं की मग ती ती राहत नाही. एकदा समोर येऊन बस, तिला डोळे भरून बघू दे तुला. उशीर नको करूस." बाई मला हे सांगायच्या आणि म्हणायच्या, "गाडी आली की जाणारच आहे." आणि ती गाडी आता खाली उभी होती. बाईंना एवढंच हवं होतं, धाकटीने एकदा समोरून ताई म्हणून हाक मारावी. पुसलं जायच्या आत.

पहिला रविवार गेला. साहेब म्हणाला, पहिलं सर्व्हिसिंग होईपर्यंत इंजिनावर ताण द्यायचा नसतो, चढ तर नाहीच. त्या सर्व्हिसिंगच्या आत ती गाडी सूनबाईच्या माहेरी दोनदा गेली, पोरांना घेऊन पाण्याच्या घसरगुंड्यांवर गेली, कुणाच्या तरी लग्नाच्या हॉलसमोर दिवसभर मिरवली. पेट्रोलपंपावर तर कामाशिवायही जायची, हवा तपासायला. बहुधा चाकांपेक्षा स्वतःचीच हवा किती होते ते तपासायचं असावं.

साहेबाचा फोनवर एक ग्रुप होता, त्याच गाडीच्या मालकांचा. तिथे तो रोज आपले अनुभव लिहायचा. सस्पेन्शन असं, एसी तसा, काचा बंद केल्या की बाहेरचा आवाज आत नाही आणि आतला बाहेर नाही. मी कव्हरांची मापं घ्यायला गेले तेव्हा मला वाचून दाखवायचा. "तिसऱ्या रांगेबद्दल बघा काय लिहिलंय काकू. लहान मुलं, सामान आणि वडीलधारी मंडळी यांच्यासाठी पुरेशी."

"सामान मधे का घातलंस?" मी विचारलं.

"ओघात आलं," तो म्हणाला.

ती तिसरी रांग मी डोळ्यांनी पाहिली आहे. सूनबाईच्या माहेरच्या पहिल्या फेरीला बाईंना तिथेच बसवलं होतं. तिथे जायचं म्हणजे मधली सीट दुमडायची, वाकायचं, एक पाय आत टाकायचा आणि दुसरा ओढून घ्यायचा. गुडघा वाकत नाही त्या बाईने कसं केलं असेल ते देव जाणे. परत आल्यावर त्यांना बाहेर निघता येईना. मी खाली होते म्हणून हे दिसलं. साहेब दोन्ही हात धरून ओढत होता, सूनबाई मागून सूचना देत होती, पोरं खिदळत होती. बाईंनी आधारासाठी पाय दाराच्या आतल्या पट्टीवर टेकवला, तसा साहेब खेकसला, "आई! तिथे नको! ओरखडे पडतात!" बाईंनी पाय उचलला आणि त्या तोंडावर पडता पडता माझ्या अंगावर आल्या. साहेबाने वाकून आधी ती पट्टी पाहिली. माझ्या हातात कात्री नव्हती हे त्याचं नशीब.

"लागलं का हो?" मी विचारलं.

"नाही नाही," बाई त्याच एक्स्चेंजच्या आवाजात म्हणाल्या. "गाडी मात्र छान आहे. आत अजिबात हादरे बसत नाहीत."

सर्व्हिसिंग झालं. बाईंनी बॅग भरली. त्यात धाकटीसाठी माझ्याकडून शिवून घेतलेला मऊ झगा होता, दोघींचे जुने फोटो होते. आणि साहेबाने सांगितलं की गाडीला आता रंगाच्या वरचं काचेसारखं कोटिंग करून घेतलंय आणि कोटिंगवाल्याने बजावलंय, ते पक्कं बसेपर्यंत गाडीला धूळ चालत नाही. "आणि तो रस्ता म्हणजे नुसता धुरळा, आई. खाणीचा भुगा सगळा."

मी म्हटलं, "अरे, डोंगरदऱ्या, दगडधोंडे, चिखल, सगळीकडे जाते म्हणूनच ही गाडी घेतलीस ना? जाहिरातीत तर नदीतून नेतात."

"जाहिरातीतली गाडी कंपनीची असते काकू," तो म्हणाला. मी वर जाऊन बाईंना म्हणाले, "टॅक्सी करू. मी येते बरोबर."

बाईंनी नकाराची मान हलवली. "टॅक्सीवाले खाणीपाशी सोडतात, वर येत नाहीत. आणि घरात एवढी मोठी गाडी उभी असताना मी भाड्याच्या गाडीने गेले तर भाचीच्या सासरची माणसं काय म्हणतील? माझ्या पोराचं नाव कशाला खराब करू? नेईल तो. मनाने वाईट नाहीये." मला त्यांचे खांदे धरून गदागदा हलवावेसे वाटले. पोराचं नाव, म्हणे! ज्याला आईच्या गुडघ्यापेक्षा प्लॅस्टिकची पट्टी प्यारी, त्याच्या नावाला ही बाई जपत होती.

पुढच्याच रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे उरलेलं कापड परत द्यायला गेले होते. भाचीने फोन लावून दिला. बाई फोन घेऊन नेहमीसारख्या ताठ बसल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "धाकटे, मी बोलतेय गं." पलीकडून आवाज आला, तो मलाही ऐकू आला, अगदी सभ्य, परक्या माणसाशी बोलावा तसा. "राँग नंबर." आणि फोन ठेवला.

जिने जन्मभर लोकांना नंबर जोडून दिले तिला हे ऐकावं लागलं. बाई फोन कानाला तसाच धरून बसल्या. मग म्हणाल्या, "दुपार झाली ना, म्हणून. सकाळी असं नाही करत ती." आणि एकदम रडायला लागल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. आवाज न करता रडत होत्या, पलीकडच्याला ऐकू जाऊ नये अशा. आतल्या खोलीतून सूनबाईने विचारलं, "आई, टीव्ही लहान करताय का जरा?" टीव्ही तिच्याच पोरांनी लावला होता.

मी तडक खाली गेले. साहेब गाडीच्या चाकांच्या फटीत जुना दात घासायचा ब्रश घालून माती काढत होता. मी त्याला पोटभर ऐकवलं. लाज कशी वाटत नाही इथपासून सुरू केलं आणि तुझ्या आईने तुला वाढवलं त्यापेक्षा एखादं कुत्रं पाळलं असतं तर, इथपर्यंत गेले. त्याने ब्रश झटकला आणि म्हणाला, "काकू, येत्या रविवारी जातोयच आम्ही. ठरलंय."

मला वाटलं, माझ्या बोलण्याने पाझर फुटला. कुठलं काय! ग्रुपवर कुणीतरी त्याला डिवचलं होतं. एवढे अनुभव लिहितोस, पण तुझ्या गाडीने अजून एक खडा तरी ओलांडलाय का? शहरातल्या शहरात फिरवायला छोटी गाडी काय वाईट होती? झालं. साहेबाला आता कच्चा रस्ता हवा होता, चढ हवा होता, आणि धुळीत उभ्या गाडीचे फोटो हवे होते. मावशीचं घर अनायासे तिथेच होतं.

बाईंनी मला बरोबर यायला सांगितलं. पोरं सूनबाईच्या माहेरी ठेवली होती. आम्ही उजाडता उजाडता निघालो, कारण भाचीने पुन्हा पुन्हा बजावलं होतं, दुपारच्या आत या. मागच्या रांगेत साहेबाने फोटोचा स्टँड, दोर, हवा भरायचं यंत्र आणि कसली कसली खोकी भरली होती, म्हणून बाईंना आणि मला मधली रांग मिळाली. बाईंनी ठेवणीतली साडी नेसली होती आणि बॅग मांडीवर घेतली होती. वाटेत त्यांनी धाकटीच्या लहानपणच्या गोष्टी सांगितल्या. धाकटी रात्रपाळीच्या वेळी एक्स्चेंजमध्ये येऊन त्यांच्या पायाशी झोपायची, आणि तिथला कुणी वरिष्ठ आला की बाई तिच्यावर कोट टाकायच्या. सांगताना हसत होत्या. मला बरं वाटलं. म्हटलं, उशीर झाला, पण जातोय ना.

खाण आली. डांबर संपलं. साहेबाने गाडी थांबवली, उतरला, कमरेवर हात ठेवून रस्ता न्याहाळला. मग सूनबाईला पुढे पाठवलं, व्हिडिओ काढायला. तिने हात वर केला, याने कुठलंसं बटण फिरवलं आणि गाडी चढाला लागली. खरं सांगते, गाडीने तो चढ असा घेतला की आम्हाला कळलंसुद्धा नाही. ज्या रस्त्याचा एवढा बाऊ केला तो हाच, असं विचारावंसं वाटलं. वरच्या वळणाशी सूनबाई उभी होती. साहेबाने काच खाली करून फोन पाहिला आणि किंचाळला, "उभा काय धरलास! आडवा धरायला सांगितला होता ना!" आणि गाडी मागे घेत घेत पुन्हा खाणीपाशी.

दुसऱ्यांदा धूळ कमी उडाली. तिसऱ्यांदा मधे खाणीचा ट्रक आला. मग सूनबाईच्या डोळ्यात कचरा गेला. प्रत्येक वेळी आम्ही दोघी वर जात होतो आणि खाली येत होतो. वर गेलं की धाकटीचं घर दिसायचं, निळ्या दाराचं, अगदी हाकेच्या अंतरावर. मग ते मागे जायचं. "बाळा, आधी मला तिथे सोड, मग कर तुझं," बाई म्हणाल्या. "दोनच मिनिटं आई, ऊन चांगलं आहे," तो म्हणाला.

तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. भाची होती. "मावशी, कुठे आहात? आज इतकी छान आहे ती. पहाटे उठून तयार होऊन दारात बसलीय. थांब, तिलाच देते." आणि मग धाकटीचा आवाज, त्या दिवशीचा परका नाही, चांगला भांडखोर धाकट्या बहिणीचा. "ताई? अगं किती वेळ! कुठे आहेस?"

"आले गं, खाली वळणावरच आहे," बाई म्हणाल्या. त्यांचा तो कधी न बदलणारा आवाज बदलला होता, फाटून गेला होता.

"मग ये ना वर. मी जेवायची थांबलेय तुझ्यासाठी."

बाईंनी फोन ठेवला आणि मुलाच्या खांद्यावर थापा मारायला लागल्या. "चल, चल रे, तिला कळतंय, तिला मी कळतेय!" साहेबालाही बहुधा काहीतरी वाटलं असावं, कारण त्याने सूनबाईला गाडीत घेतलं आणि गाडी सरळ वर काढली. घराच्या खालच्या चढापर्यंत आलो. इथून निळं दार दिसत होतं. आणि तिथे त्याने गाडी पुन्हा थांबवली.

"आता काय?" मी ओरडले.

"धुळीने पार माखलीय. अशी मावशीच्या दारात कशी नेऊ? शेवटचा फोटो तिथे घ्यायचाय, घराबरोबर." असं म्हणून दोघं नवराबायको उतरली, मागून फडकी काढली आणि पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या ओतून गाडी पुसायला लागली. इंजिन चालू, एसी चालू, काचा बंद.

बाई म्हणाल्या, "मी चालत जाते." त्यांनी दाराचा खटका ओढला. उघडेना. माझ्या बाजूचाही उघडेना. पोरांसाठी मागच्या दारांना कुलूप लावून ठेवलं होतं, आतून उघडत नाही असं. मी काचेवर थापा मारल्या. साहेब काचेच्या पलीकडे, हातभर अंतरावर, माझ्या तोंडासमोर फडकं फिरवत होता आणि त्याला ऐकू जात नव्हतं. मी पुढच्या दोन सीटांमधून घुसायला गेले, पण या माझ्या देहाने तिथेही दगा दिला, अर्धी जाऊन अडकले. शेवटी हात लांब केला आणि हॉर्न दाबून धरला.

साहेब धावत आला, दार उघडलं. "काकू! हॉर्न कशाला? व्हिडिओत आला ना!"

"उतरू दे आम्हाला," बाई म्हणाल्या. "मी चढते हळूहळू."

"वेडी आहेस का आई? चालतच जायचं होतं तर एवढी गाडी आणली कशाला? बस. आता काचाच राहिल्यात." आणि दार लावलं. सूनबाईने बाहेरून आम्हाला हात दाखवला, झालंच म्हणून.

काचा झाल्या, मग चाकं झाली. बाईंनी पुन्हा खटका ओढला नाही. त्या निळ्या दाराकडे बघत बसल्या होत्या. दारात कुणीतरी बसलेलं दिसत होतं. थोड्या वेळाने भाची बाहेर आली, त्या माणसाला हाताला धरून उठवलं आणि आत नेलं. बाई हळूच म्हणाल्या, "जेवायला नेलं."

आम्ही पोचलो तेव्हा गाडी आरशासारखी लखलखत होती. भाची दारात आली ती डोळे पुसतच. "किती वाट पाहिली गं तिने. भूक सहन होईना म्हणून शेवटी भरवलं." मी बाईंना उतरवलं. त्या माझा हात सोडून लंगडत, जवळजवळ धावत आत गेल्या. साहेब मागे गाडी घरासमोर तिरकी लावत होता, "थोडी डावीकडे, अजून थोडी."

धाकटी आतल्या खोलीत पलंगावर बसली होती. दिसायला अगदी बाईंसारखी, फक्त बारीक. चांगले कपडे, केस विंचरलेले. पलंगाशेजारी एक खुर्ची ओढून ठेवली होती, तिच्यावर स्वच्छ टॉवेल अंथरला होता. बाई समोर जाऊन उभ्या राहिल्या. "धाकटे," त्या म्हणाल्या.

धाकटीने वर पाहिलं. नीट पाहिलं, पायापासून डोक्यापर्यंत, पाहुण्यांकडे बघतात तसं. मग हसली.

"या," ती म्हणाली. "कोणाकडे आलात?"

"अगं, मी ताई. बघ ना माझ्याकडे. मी आले."

"ताई यायचीच आहे माझी," धाकटी खुशीत म्हणाली. "आजच येणार आहे. आत्ता फोन आला होता तिचा, खाली वळणावर आहे म्हणाली."

त्या गुडघ्यावर बाईंना उभं राहवेना. त्यांनी खुर्चीच्या पाठीला धरलं आणि बसायला वळल्या, तशी धाकटी एकदम पुढे झाली आणि खुर्चीवर हात आडवा ठेवला.

"नाही हो, तिथे नका बसू. ती माझ्या ताईची आहे."

भाचीच्या तोंडून हुंदका फुटला. "आई, अगं हीच तुझी ताई!" तर धाकटी तिच्यावर चिडली, रडकुंडीला आली, "मला माझी ताई कळत नाही का?" बाईंनी भाचीला हाताने थांबवलं. खुर्ची सोडली. भिंतीपाशी सरकल्या आणि त्यांच्या त्या जुन्या, गोड, न बदलणाऱ्या आवाजात म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं. तिच्यासाठीच ठेवा. येईल ती."

"तुम्ही ओळखता तिला?"

"हो. चांगली ओळखते."

"मग बोला ना तिच्याबद्दल," धाकटी म्हणाली आणि मांडी घालून ऐकायला बसली.

बाई बोलायला लागल्या. रात्रपाळी, एक्स्चेंज, अंगावर टाकलेला कोट. साहेब हात पुसत आत आला, त्याने खोलीत नजर फिरवली आणि म्हणाला, "आई, उभी का आहेस? खुर्ची रिकामी आहे की." बाईंनी त्याच्याकडे बघितलंही नाही. धाकटीने मात्र त्याला बोटाने गप्प केलं. तो जरा वेळ दारात घुटमळला, मग बाहेर गेला, फोटो बघायला.

ऊन उतरेपर्यंत आम्ही तिथे होतो. आणि आम्ही निघेपर्यंत ऑपरेटरबाई त्या भिंतीशी उभ्याच होत्या.